लाओसमध्ये नदीकाठच्या गावात कुणाच्या घरी राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बरीचशी माहिती उत्तर लाओसमधल्या नाम ऊ नदीच्या खोऱ्याबद्दल आहे, म्हणजे नोंग खियाव, मुआंग न्गोई आणि आजूबाजूची गावं. दक्षिणेत काही गोष्टी वेगळ्या आहेत, तिथे तसं सांगितलंय. काही प्रश्न लोक जरा लाजत विचारतात (संडास, शाकाहार, लग्न न झालेली जोडपी), तेही घेतलेत.

कोकणात होमस्टे असतो तसंच का हे?

नाही हो. कोकणात आता होमस्टे म्हटलं की बऱ्याच ठिकाणी वेगळी खोली, अटॅच बाथरूम, मेनू कार्ड सगळं आलं. इथे कुटुंब आपलं घर चालवत असतं आणि त्यातच एका कोपऱ्यात तुम्ही असता. लाकडी खांबांवर उचललेलं घर, वर चढायला उभा जिना, वर एक मोठी खोली, त्यात जमिनीवर पातळ गादी, वर मच्छरदाणी, आणि तुमच्या नि घरच्यांच्या मध्ये एक पडदा किंवा बांबूची भिंत. खाली खांबांच्या मध्ये हातमाग, सरपण, कोंबड्या, मोटरसायकल. आता नवीन घरांना खालचा मजला सिमेंटचा बांधतात आणि स्वयंपाकघर मागे जातं, त्यामुळे फोटोत दिसतं तसंच घर मिळेल असं समजून जाऊ नका.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. तुम्ही पैसे देताय म्हणून गिऱ्हाईक आहात आणि घरात राहताय म्हणून पाहुणे आहात, दोन्ही एकाच वेळी. नुसते गिऱ्हाईक म्हणून वागलात तर घरच्यांना त्रास, नुसते पाहुणे समजून सगळं फुकटात प्रेमाने होतंय असं धरलंत तर त्यांचं नुकसान. खालचे निम्मे प्रश्न यातूनच निघतात.

कुठलं गाव निवडू?

पहिल्यांदाच जात असाल तर मुआंग न्गोईच्या बाजूला जा. नोंग खियावहून बोटीने साधारण तासाभरात पोचता. मुआंग न्गोई गावात स्वतः आता बंगले, हॅमॉक, बनाना पॅनकेक असा सगळा बॅकपॅकर मामला आहे, वाईट नाही पण घरात राहिल्याचं सुख तिथे नाही, म्हणून तिथून भातखाचरांतून चालत आत बान ना, हुआय सेन, हुआय बो अशी गावं आहेत तिकडे जा, बान ना तर तासाभराच्या चालीवर आहे. 'बान' म्हणजे गाव, तो शब्द प्रत्येक नावाला लागतो. अगदी पाण्याच्या काठावरच हवं असेल तर सोप चाम बघा, विणकरांचं गाव आहे, घराघराखाली माग.

मध्य लाओसमध्ये कोंग लोर आहे. नाम हिन बून नदी डोंगराच्या पोटातून साडेसात किलोमीटर वाहते आणि तुम्ही बोटीत बसून अंधारातून आरपार जाता, गुहेजवळच्या गावात घरं पाहुणे घेतात. दक्षिणेत चंपासकसमोर मेकाँगमध्ये दोन देंग नावाचं बेट आहे, तिथून समोरच्या डोंगरावर शिखराशी नैसर्गिक लिंगासारखा सुळका दिसतो आणि त्याच्याच पायथ्याशी वाट फू हे जुनं शिवमंदिर आहे, २००१ पासून जागतिक वारसा, आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलंय. मराठी माणसाला वाट फू बघून बरं वाटतं, पण मला विचाराल तर घरात राहायला उत्तरेकडचाच भाग.

मुंबई-पुण्याहून पोचायचं कसं?

बहुतेक लोक बँकॉक किंवा हनोईमार्गे जातात. बँकॉकहून उत्तर लाओसमधल्या लुआंग प्राबांग शहराला विमान आहे. वेळ असेल तर बँकॉकहून रात्रीची ट्रेन राजधानी व्हिएनतियानपर्यंत, आणि तिथून लाओस-चीन रेल्वेने लुआंग प्राबांग. ही लाइन डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि त्याआधी ज्या घाटरस्त्यावर अख्खा दिवस जायचा तो प्रवास दोन तासांवर आला. तिकिटाला पासपोर्ट लागतो. स्टेशनवर सामान नीट तपासतात, चाकू आणि स्प्रेचे डबे काढून घेतात, त्यामुळे डासांसाठी स्प्रे न नेता ओडोमॉसची ट्यूब न्या.

लुआंग प्राबांगहून नोंग खियाव १४० किलोमीटर, मिनीव्हॅनने तीन ते चार तास, आणि रस्ता असा की चहा पिऊन बसू नका. पुढे बोट. ती लांबट, अरुंद, लाकडी असते, माणसं कमी असली तर वाट बघायला लावतात किंवा सगळ्यांनी मिळून जास्त पैसे द्यायचे. दुपारच्या बोटीच्या भरवशावर राहू नका, सकाळचीच पकडा.

व्हिसा?

भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा मिळतो, मोठ्या विमानतळांवर उतरल्यावरही मिळतो. पण ई-व्हिसा सगळ्या सीमा चौक्यांवर चालत नाही, म्हणून जमिनीवरून जाणार असाल तर तुमची चौकी यादीत आहे का ते आधी बघा. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली हवी.

ऑनलाइन बुकिंग होतं का? की जाऊन कुणाचंही दार वाजवायचं?

दार वाजवायचं नाही. लाओसमध्ये परदेशी माणूस गावात रात्री राहणार असेल तर गावाच्या प्रमुखाला माहीत असावं लागतं, त्याला नाय बान म्हणतात, आणि पासपोर्टची नोंद होते. परस्पर कुणाच्या घरी झोपलात तर तुम्हाला फार काही होणार नाही कदाचित, पण चौकशी त्या घराची होते. एकपक्षीय राजवट आहे, गावातल्या माणसाला अधिकाऱ्यांसमोर उभं राहायला नको असतं.

सोपा मार्ग म्हणजे नोंग खियाव किंवा मुआंग न्गोईमधल्या गाइडकडून किंवा गेस्टहाउसमधून आदल्या दिवशी फोन करवून घ्यायचा. बऱ्याच गावांत पाळी असते, आज या घराचा नंबर, उद्या त्या घराचा, आणि पैशाचा काही भाग गावाच्या फंडात जातो. ही पद्धत उत्तरेतल्या लुआंग नामथा प्रांतातल्या 'नाम हा' नावाच्या पर्यटन प्रकल्पातून बरीच रुळली, तो १९९९ मध्ये युनेस्कोच्या मदतीने सुरू झाला होता. पाळी असेल तर "मला ते समोरचं घर द्या, व्ह्यू चांगला आहे" असं म्हणू नका, त्या पाळीवर दोन घरांचं नातं टिकून असतं.

खर्च किती? घासाघीस करायची का?

किप, म्हणजे तिथलं चलन, घसरलाय, डॉलरला वीस हजाराच्या वर मिळतात, तेव्हा एक लाख किप म्हणजे आपले साधारण चारशे रुपये धरा. आकडे ऐकून घाबरू नका आणि शून्यं मोजल्याशिवाय नोट देऊ नका. राहायचं वेगळं, जेवणाचं वेगळं, गाइडचं वेगळं असं बहुतेक ठिकाणी असतं, ते आधीच विचारून घ्या, निघताना नाही.

घासाघीस बाजारात करा, टोपलीसाठी, बोटीसाठी. घरात राहायच्या दराला करू नका. दर गावाने मिळून ठरवलेला असतो आणि त्या बाईला एकटीला तो कमी करताच येत नाही. मुआंग न्गोईमध्ये एटीएमवर विसंबून राहू नका, रोकड लुआंग प्राबांगहूनच घेऊन या, आणि सुट्टे. एक लाखाची नोट गावात काढलीत की अख्ख्या आळीत सुट्टे शोधत फिरतात. यूपीआय वगैरे विसरा.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी नाही राहणार, पण हे सगळ्यात अवघड प्रकरण आहे आणि खोटा धीर देण्यात अर्थ नाही.

भाज्या भरपूर आहेत. पावसाळा संपून पाणी उतरलं की नदीकाठच्या गाळावर प्रत्येक घराचा वाफा तयार होतो, त्यात पालेभाज्या, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगा. शिवाय बांबूचे कोंब, भोपळा, वांगी, जंगलातल्या अळंब्या, अंडी. अडचण पादेकची आहे. मासे मीठ आणि कोंड्यात महिनोन्महिने मुरवून केलेलं ते घट्ट कालवण, आणि ते रश्शापासून पपईच्या तिखट कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात पडतं. घरच्या बाईच्या दृष्टीने ते मांस नाहीच, मिठाच्या जागी घालतात. म्हणजे तुम्ही "मांस नको" एवढंच सांगितलंत तर ती अगदी मनापासून तुमच्यासाठी भोपळ्याची भाजी करेल आणि त्यात दोन चमचे पादेक घालेल. म्हणून "किन जे" हा शब्द सांगा, बौद्ध पद्धतीचं शुद्ध शाकाहारी असा त्याचा अर्थ लोकांना कळतो, आणि जोडीला "बो साय पादेक, बो साय नाम पा", म्हणजे पादेक घालू नका, फिश सॉस घालू नका. हे गाइडकडून लाओ लिपीत कागदावर लिहून घ्या आणि स्वयंपाक सुरू व्हायच्या आत दाखवा, ताटात आल्यावर नाही.

भांडी वेगळी मिळणार नाहीत, तेच खल, तीच कढई. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना तर मी सरळ सांगते की एक रात्र ठेवा आणि जवळ खाणं ठेवा. मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणचं हे चिकट भाताबरोबर मस्त लागतं. फक्त स्वतःची पुडी स्वतःच उघडून खात बसू नका, मधे ठेवा, सगळ्यांना द्या. शेंगदाण्याची चटणी तिथे फार आवडते, लसूण आणि मिरची दोन्ही त्यांच्या ओळखीचीच.

आणि मांसाहारी असेन तर काय काय मिळेल?

मग तुमची चंगळ आहे. लाप म्हणजे बारीक चिरलेलं मांस किंवा मासा, त्यात पुदिना, लिंबू, मिरची आणि भाजून कुटलेल्या तांदळाची भरड. ओर लाम नावाचा दाट रस्सा, लुआंग प्राबांगकडची खासियत, त्यात एका वेलीच्या खोडाचे तुकडे टाकतात, ते चावायचे आणि टाकायचे, जीभ थोडी बधिर होते. नदीचा मासा केळीच्या पानात बांधून वाफवलेला किंवा बांबूच्या चिमट्यात धरून भाजलेला. आणि काय पेन, हे नदीतलं शेवाळ आहे, थंडीत पाणी नितळ झालं की बायका दगडांवरून काढून आणतात, धुतात, पातळ थापून वर तीळ, लसूण, टोमॅटो लावून उन्हात पापडासारखं वाळवतात, मग तेलात क्षणभर परतायचं. हे शाकाहारी लोकांनाही चालतं.

एकच पक्का नियम. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला नदीचा मासा खाऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. त्यातून यकृतात जाणारा एक चपटा कृमी होतो, मेकाँगच्या खोऱ्यात हा मोठा आजार आहे, वर्षानुवर्षं राहिला तर पित्तनलिकेचा कॅन्सर होऊ शकतो. लिंबू पिळलं म्हणजे शिजलं असं होत नाही. "सुक" म्हणजे शिजलेलं, तेवढा शब्द पुरतो.

जेवायला बसायची काही पद्धत आहे का?

वेताच्या किंवा बांबूच्या बुटक्या गोल चौरंगाभोवती सगळे जमिनीवर बसतात. मांडी घालता येते ना, मग अर्धी लढाई जिंकलात, युरोपियन लोक बिचारे पाय कुठे ठेवू करत अवघडलेले असतात. बायका पाय एका बाजूला दुमडून बसतात. पावलं कुणाच्या दिशेने किंवा जेवणाच्या दिशेने येऊ देऊ नका.

चिकट तांदूळ रात्री भिजवतात, पहाटे शंकूसारख्या बांबूच्या टोपलीत वाफवतात, लाकडी फळीवर पसरून वाफ जाऊ देतात आणि झाकणाच्या छोट्या टोपलीत भरतात. दिवसभर तोच. चिमूटभर घ्यायचा, बोटांनी दाबून गोळी करायची, चटणीत किंवा रश्शात टेकवायची आणि खायची. सगळा भात ताटात काढून कालवू नका, वरण-भातासारखा तो कालवलाच जात नाही. रश्शाचा वाडगा मधे सगळ्यांना एकच असतो, उष्ट्याची कल्पना तिथे आपल्यासारखी नाही, ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांनी एक छोटा वाडगा मागून घ्यावा, कुणी रागवत नाही. मोठी माणसं आधी हात लावतात. जेवण झालं की भाताच्या टोपलीला झाकण लावायचं, उघडी ठेवणं अशुभ मानतात.

कधीकधी तुम्हाला एकट्यालाच आधी वाढतात आणि घरचे मागे बसून बघतात. तो मान असतो, तुटकपणा नाही. सोबत बसा म्हणून एकदा सांगा, नाही बसले तर सोडून द्या.

दारू प्यायचा आग्रह होतो म्हणे?

होतो. लाओ लाओ ही घरगुती तांदळाची दारू, एकच छोटा पेला सगळ्यांत फिरतो, ओतणारा आधी स्वतः पितो मग एकेकाला देतो. एकाही घोटाला हात न लावणं जरा कोरडं वाटतं पण चालतं, पेला ओठाला लावून परत दिला तरी भावना पोचते. औषध चालू आहे म्हटलं की विषय संपतो.

घरी गाळलेली, समोर सगळे पितायत ती एक गोष्ट, आणि दुकानातली बिनलेबलची बाटली किंवा बारमधली फुकट शॉट ही दुसरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये वांग वियेंग या पर्यटकांच्या गावात मिथेनॉलच्या विषबाधेने सहा परदेशी पर्यटक गेले. कुठली गाळताना काय झालं हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून मी तरी सीलबंद बिअरलाओवर थांबते आणि तसं सांगते, हसतात थोडे.

संडास आणि आंघोळ?

संडास बहुतेक घराच्या मागे, भारतीय पद्धतीचा, बाजूला पाण्याची टाकी आणि टमरेल. म्हणजे आपल्याला काहीच शिकायचं नाही. रात्री जिना उतरून जायचं तर हेडलॅम्प हवाच, मोबाइलचा टॉर्च हातात धरून त्या जिन्यावरून उतरणं म्हणजे कसरत.

आंघोळ त्याच टाकीतून किंवा संध्याकाळी नदीवर. बायका सिन्ह नावाचं लुंगीसारखं वस्त्र छातीपर्यंत बांधून आंघोळ करतात आणि ओलं आत ठेवून कोरडं वरून चढवतात. स्विमसूटमध्ये नदीवर जाऊ नका, पुरुषांनीही नुसत्या चड्डीवर गावातून फिरू नका. एक सुती लुंगी किंवा जुना पंचा बरोबर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं आणि पाणी बर्फ, दुपारीच उरका.

झोप लागते का?

रात्री नऊपर्यंत गाव झोपी जातं. चार वाजता कोंबडे. मग तांदूळ वाफवायची लगबग, आणि बऱ्याच गावांत खांबावरच्या लाउडस्पीकरवरून सकाळीच बातम्या आणि सूचना. शेजारी लग्न निघालं तर साउंड सिस्टिम आपल्या गणपतीच्या मंडळांना ऐकणार नाही. इअरप्लग न्या. थंडीत पांघरूण एकच देतात, पातळ शाल बरोबर असू द्या.

भाषेचं काय?

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना थोडं, मोठ्यांना नाही. थोडीफार थाई येत असेल तर फार उपयोग होतो, सगळे थाई टीव्ही बघतात. "सबायदी" म्हणून हात जोडा, "खॉप चाय" म्हणजे आभार, "सेब" म्हणजे चविष्ट, "इम लेव" म्हणजे पोट भरलं, हे शेवटचं नीट पाठ करा नाहीतर वाढतच राहतील. घरच्या बाईला "मे", तिच्या नवऱ्याला "फो", म्हणजे आई आणि बाबा. तुमच्याच वयाचे पण थोडे मोठे असतील तर बाईला "एउअय", पुरुषाला "आय". वय सरळ विचारतात, पगार आणि मुलं किती हेही. आपल्याला त्याचं काय नवल!

घरच्यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. आई-बाबा, शेत, लग्न, पावसाळा. संध्याकाळचे दोन तास त्यावर निघतात.

घरात नकळत काय चुकू शकतं?

चपला जिन्याच्या खालीच. डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्याही. झोपलेल्या-बसलेल्या माणसाला ओलांडायचं नाही. भिंतीवर उंच छोटी फळी, त्यावर फुलं आणि मेणबत्त्या दिसल्या तर तिथे पाय करून झोपू नका, कपडे टांगू नका.

लाओसमध्ये सरकारी हिशोबानेच पन्नासच्या आसपास जमाती आहेत आणि पद्धती बदलतात. नदीकाठी साधारण लाओ, जरा वर खमू, आणखी वर ह्मोंग. खमू आणि ह्मोंग घरांत घरातल्या देवतेची जागा असते, तिथे बाहेरच्याने जायचं नसतं. आखा लोकांच्या गावाच्या वेशीवर लाकडी कमान असते, तिला हात लावायचा नाही. आणि गावाच्या किंवा घराच्या तोंडाशी बांबूच्या पट्ट्यांची विणलेली चांदणी लटकलेली दिसली तर थांबा, आत विधी चालू असू शकतो आणि बाहेरच्यांना बंदी असते. गाइडला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मनगटाला पांढरे दोरे बांधतात ते काय? धर्म आडवा येतो का?

त्याला बासी किंवा सू ख्वान म्हणतात. माणसाच्या शरीरात ३२ ख्वान, म्हणजे प्राणतत्त्वं, असतात असं मानतात, ते भटकतात, प्रवासात, आजारपणात, लग्नात, त्यांना परत बोलावून बांधून ठेवायचं. केळीच्या पानांचा आणि झेंडूचा मनोरा मधे, भोवती सगळे, म्हातारा माणूस मंत्र म्हणतो, मग एकेकजण येऊन आशीर्वाद पुटपुटत दोरा बांधतो. आपल्यात कुणाला यात अडचण वाटल्याचं मी बघितलं नाही. दोरे तीन दिवस तरी ठेवा, नंतर सोडा किंवा पडू द्या, कात्रीने कापू नका.

काही टूरमध्ये हे पॅकेजचा भाग म्हणून करतात, वेगळे पैसे घेऊन. गावाला उत्पन्न मिळतं, ठीकच आहे, पण ते नको असेल तर नको म्हणा. घरात खरंच काही कारण असलं तर तुम्हाला तसंही बोलावतातच.

आमचं लग्न झालेलं नाही, एकत्र राहू देतील का?

दोघंही परदेशी असाल तर शहरातल्या गेस्टहाउसमध्ये कुणी विचारत नाही. गावातल्या घरात मात्र देवतेचा कोप होतो असं मानणारी कुटुंबं आहेत, ते दोन वेगळ्या गाद्या घालतील. घाला म्हणा. लाओ नागरिकाशी लग्नाशिवाय संबंध परदेशी माणसासाठी कायद्यानेच गुन्हा आहे, ती गंमत नाही.

एकटी बाई, लहान मुलं, सत्तरीचे आई-बाबा?

एकट्या बाईने जायला हरकत नाही, फक्त ओळखीतून किंवा गाइडमधून जा आणि घरात बाई आहे ना एवढं विचारून घ्या. मुलं तर सगळ्यांत मजेत असतात, भाषा लागतच नाही त्यांना, पण बोटीत लहान मापाचं लाइफ जॅकेट मिळेलच असं नाही, आपलं न्या. आई-बाबांच्या बाबतीत मी गुडघ्यांवरून ठरवेन. जिना, संडास, जमिनीवर झोप, सगळं गुडघ्यांवर येतं. त्यांना नोंग खियावला चांगल्या हॉटेलात ठेवा आणि गावात दिवसाची फेरी मारून आणा, त्यात काही कमीपणा नाही.

दिवसभर करायचं काय?

फार काही नाही आणि ते जमत नसेल तर जाऊ नका, खरंच. सकाळी भिक्खू भिक्षेला येतात, घरची बाई गुडघ्यावर बसून भात घालते, तिने बोलावलं तर चपला काढून, खांदे झाकून तिच्याबरोबर बसा. मग शेतावर जा. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. मदत करा, पण तुमची लावलेली रोपं मागून कुणीतरी सरळ करणार आहे हे धरून चाला. नदीवर पुरुष पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकतात, तो फेकणं बघायला सोपं. माग खाली चालू असतो, तिथे बसून बघा, आणि घेणार असाल तर तिथेच घ्या, लुआंग प्राबांगच्या नाइट मार्केटमध्ये बराच माल मशीनचा असतो. नागाची नक्षी ओळखायला शिका, त्या विणकामाला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळालीय.

तिथे जमिनीत बॉम्ब आहेत हे खरं का?

खरं आहे. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातल्या क्लस्टर बॉम्बमधले कोट्यवधी छोटे गोळे फुटलेच नाहीत आणि अजून जमिनीत आहेत, गावात त्यांना बॉम्बी म्हणतात. मुआंग न्गोईवरही बॉम्ब पडले, लोक वर्षानुवर्षं गुहांत राहिले, नोंग खियावजवळची फा थोक गुहा बघता येते. तुमच्यासाठी नियम सोपा आहे, मळलेली वाट सोडायची नाही, लघवीलासुद्धा नाही, आणि जमिनीतलं लोखंड उचलायचं नाही. बॉम्बच्या कवचाच्या कुंड्या आणि खांब गावात दिसतील. घरातल्या म्हाताऱ्यांना त्या काळाबद्दल आपणहून खोदून विचारू नका, त्यांनी काढलं तर ऐका.

नदीवर धरणं झाली त्याने काही फरक पडलाय का?

पडलाय. नाम ऊवर एका चिनी सरकारी कंपनीने सात धरणं बांधली, २०२१ पर्यंत सगळी चालू झाली, मिळून १२७२ मेगावॅट. पूर्वी लुआंग प्राबांगहून नोंग खियावपर्यंत बोटीने जायचा जो सुंदर प्रवास जुन्या लेखांत वाचाल तो आता होत नाही. काही गावं उठवली गेली. पाण्याची पातळी पावसापेक्षा गेटवर ठरते, मासे आणि शेवाळ दोन्हींवर परिणाम आहे. गावात वीज आहे, रस्ता आहे, लोक खूश आहेत आणि नाराजही, एकाच घरात. आपण धरणांचा विषय काढून सरकारविरोधी मत वदवून घेऊ नये, आपण दोन दिवसांनी निघून जातो.

गावातल्या मुलांना चॉकलेट, वह्या, पैसे द्यावेत का?

रस्त्यात वाटू नका, मुलं पर्यटक दिसला की हात पसरायला लागतात. काही द्यायचंच तर लुआंग प्राबांगमध्ये बिग ब्रदर माउस म्हणून संस्था आहे, ते लाओ भाषेत मुलांची पुस्तकं छापतात, तिथून चार पुस्तकं घ्या आणि शाळेत शिक्षकांकडे द्या. घरासाठी चिक्कीचं पाकीट चालतं.

कधी जावं?

नोव्हेंबर ते जानेवारी, बिनधास्त. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरावर शेतं जाळतात, हवा धुराने भरते, दम्याच्या लोकांनी टाळा आणि फोटोवाल्यांनीही. एप्रिलच्या मध्यात पी माय, लाओ नववर्ष, तीन दिवस पाण्याची धमाल, घरात पाहुण्यांची गर्दी. पावसाळ्यात डोंगर हिरवे, पण दरडी कोसळतात, चिखलात जळवा.

आजारी पडलो तर?

गावात फार तर छोटं आरोग्य केंद्र. गंभीर काही असेल तर लोक सीमा ओलांडून थायलंडला उदोन थानीला जातात, आणि नाम ऊहून तिथे पोचायला दिवस जातो, म्हणून इन्शुरन्समध्ये हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा. डेंग्यू आहे. ओआरएस, रोजची औषधं, पाण्याच्या सीलबंद बाटल्या किंवा फिल्टर. कुत्रा चावला तर वाट बघू नका, लगेच निघा.

मोबाइल, चार्जिंग?

युनिटेलचं सिम घ्या, गावात तेच जास्त चालतं. आपला दोन पिनचा चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो. वादळात वीज जाते, पॉवर बँक हवी.

किती रात्री ठेवू?

दोन. पहिल्या रात्री तुम्ही आणि घरचे दोघंही अवघडलेले असता, दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी तुमच्या हातात भाजी चिरायला देतं. तिसरी रात्र शेतीच्या दिवसांत मागू नका, पाहुणा असला की कुणीतरी घरी थांबावं लागतं. आणि परतीच्या दिवशी लुआंग प्राबांगहून विमान ठेवू नका. बोट, व्हॅन, दरड, काहीही अडतं, मधे एक रात्र शहरात काढा.